तबकडीवरचे नाव

बराकपूरच्या परिसरात घडलेल्या ध्वनिमुद्रिका आणि संगीतातील राष्ट्रीय सन्मान यांची एक हकीकत

वाचकहो, आपल्यापैकी अनेकांच्या घरी, माळ्यावरच्या एखाद्या पेटीत किंवा आजोबांच्या कपाटाच्या तळच्या खणात, काळ्या रंगाच्या जड तबकड्यांची एक चळत आजही असेल. फोनो केव्हाच मोडीत गेलेला असतो, सुया गंजलेल्या असतात. पण तबकड्या टाकून देववत नाहीत. अशी एखादी तबकडी हाती घेऊन तिच्या मध्यावरील वर्तुळाकार कागदाकडे जरा निरखून पाहा. वर कंपनीची खूण, खाली गाण्याचे शब्द आणि त्याखाली गाणाराचे नाव. क्वचित रागाचे नाव व तालाचे नाव. तबला कोणी वाजवला, सारंगी कोणाची, याचा बहुधा पत्ताच नसतो. आणि अगदी तळाशी, भिंग लावून वाचावे इतक्या बारीक अक्षरांत, तबकडी कोठे तयार झाली याचा उल्लेख असतो. तेथे 'दमदम' हे नाव आढळले, तर समजावे, की ही वस्तू बंगालमधील बराकपूरच्या परिसरातून प्रवास करीत आपल्या घरी पोचली आहे.

दरवर्षी आपण वृत्तपत्रांत संगीताच्या राष्ट्रीय पारितोषिकांची यादी वाचतो. सभागृह उजळलेले असते, शाल व ताम्रपत्र देऊन कलावंताचा गौरव होतो, छायाचित्रे निघतात. दुसऱ्या दिवशी आपण पान उलटतो. या सोहळ्यामागे एक मोठा झगडा आहे, याची मात्र आपणांस सहसा कल्पना नसते. तो झगडा पैशाचा थोडा आणि नावाचा अधिक आहे. गाणे ज्याचे, त्याचे नाव त्याला मिळावे, एवढीच त्यातील मागणी. त्या झगड्याची सुरुवात कोठे झाली आणि आज तो कोठवर आला आहे, हे पाहण्यासाठी आपण प्रथम बराकपूरला जाऊ.

शियालदहहून उत्तरेकडे

कलकत्त्याच्या शियालदह स्थानकावरून उत्तरेकडे जाणारी लोकल गाडी पकडावी. बिधाननगर मागे टाकले, की दमदम येते. मग बेलघरिया, आगरपाडा, सोदपूर, खडदह, टिटागड आणि त्यानंतर बराकपूर. डाव्या हाताला, दिसो वा न दिसो, हुगळी नदी आपल्या सोबतीला असते. तागाच्या गिरण्यांची धुराडी, कागदाचा कारखाना, जुन्या वखारी आणि त्यांच्या मधोमध दाटीवाटीने वसलेली गावे असा हा सारा पट्टा आहे. बराकपूर म्हणजे नावाप्रमाणेच बराकींचे गाव. १७७२ साली येथे इंग्रजांनी छावणी वसवली. याच छावणीच्या मैदानावर २९ मार्च १८५७ रोजी मंगल पांडे याने बंदूक उचलली आणि ८ एप्रिल रोजी त्यास फासावर चढवण्यात आले, हे शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. नदीकाठी गव्हर्नर जनरलांचे उन्हाळी निवासस्थान होते. स्वातंत्र्यानंतर त्याच किनाऱ्यावर गांधी घाट उभा राहिला.

परंतु या परिसराचा सुरांशी असलेला संबंध फारसा कोणी सांगत नाही. बराकपूर महकुम्याच्या उत्तर भागातील हालिशहर हे कालीभक्त कवी रामप्रसाद सेन यांचे गाव. शेजारच्या नैहाटीतील कांठालपाड्यात बंकिमचंद्रांचा जन्म झाला. त्यांच्या 'वंदे मातरम्'ला आपल्या महाराष्ट्रातील विष्णुपंत पागनीस आणि मास्तर कृष्णराव यांनी स्वर दिला. अगणित बंगाली कुटुंबांना आपल्या आवाजाने लळा लावणारे श्यामल मित्र हेही नैहाटीचेच. आणि याच महकुम्याच्या दक्षिण टोकाला, कलकत्त्याच्या वेशीवर, दमदम आहे. दमदमचे नाव जगाला पूर्वी माहीत झाले ते तेथील काडतुसांमुळे. अंगात शिरताच फुटणाऱ्या त्या क्रूर गोळीला गावाचेच नाव मिळाले होते. त्याच दमदमच्या जेसोर रस्त्यावर १९२८ साली ग्रामोफोन कंपनीचा कारखाना सुरू झाला आणि गोळीसाठी कुप्रसिद्ध झालेले गाव गाण्यासाठी घरोघर पोचले. गावाच्या नशिबी असा पालट क्वचितच येतो.

'माझे नाव...'

हा कारखाना निघण्यापूर्वीची एक हकीकत आधी सांगावयास हवी. १९०२ साली फ्रेड गैसबर्ग नावाचा एक तरुण अमेरिकन तंत्रज्ञ आपली यंत्रे घेऊन कलकत्त्यास आला होता. एका हॉटेलच्या खोलीत त्याने कर्णा बसवला, मेणाची जाड तबकडी फिरती ठेवली आणि गाणारांना बोलावले. प्रथम आल्या त्या क्लासिक थिएटरमधील शशिमुखी आणि फणीबाला या दोघी. त्यांच्यामागून आल्या गौहरजान. कलकत्त्याच्या मैफली गाजवणाऱ्या या गायिकेने तीन मिनिटांत राग मांडून दाखवला. वाचकहो, जी गायिका रात्र रात्र एक ख्याल फुलवीत असे, तिने कर्ण्यासमोर तोंड धरून, घड्याळाकडे लक्ष ठेवून, तीन मिनिटांत आलापापासून तानेपर्यंतचा प्रवास उरकावा, ही गोष्ट सोपी नव्हती. गाणे संपताच तिने उंच स्वरात, इंग्रजी भाषेत, आपले नाव उच्चारले: माझे नाव गौहरजान.

हे नाव तिने हौसेने उच्चारले, असे नव्हे. त्या काळी मेणाच्या मुद्रा जहाजाने जर्मनीतील हॅनोव्हर येथे जात आणि तबकड्या तेथे छापल्या जात. तेथील कामगारांना हिंदुस्थानी गाण्याचा ओ की ठो कळत नव्हता. कोणत्या तबकडीवर कोणाचे नाव छापावे, हे त्यांना उमगावे म्हणून गाणारानेच शेवटी आपले नाव सांगण्याची प्रथा पडली. परंतु व्यापारी सोयीसाठी सुरू झालेल्या या प्रथेतून नकळत एक मोठी गोष्ट घडली. ज्या स्त्रियांचे गाणे समाज रात्री ऐके आणि दिवसा ज्यांची ओळखही नाकारी, त्यांपैकी एक स्त्री स्वतःच्या तोंडाने, स्वतःच्या आवाजात, जगाला आपले नाव सांगू लागली. ते नाव पुसून टाकणे मग कोणाच्याही हाती उरले नाही. गौहरजान १९३० साली म्हैसूर येथे निवर्तल्या. त्यांची ती हाक मात्र आजही ऐकता येते.

नाव आणि आवाज यांचा एकच दाब

हॅनोव्हरची ही वारी महागात पडू लागली, तेव्हा १९०८ साली कंपनीने कलकत्त्यातच शियालदह येथे छापखाना घातला. 'छापखाना' हा शब्द आम्ही मुद्दाम वापरीत आहोत. कारण तबकडी खरोखर छापलीच जात असे. पुढे मागणी वाढली, जागा अपुरी पडली आणि दमदमचा मोठा कारखाना उभा राहिला. कंपनीने कलकत्ताच का निवडले, हा प्रश्न साहजिक आहे. त्याचे एक उत्तर लाखेत आहे. जुन्या तबकडीचा जीव म्हणजे लाख. छोटा नागपूरच्या जंगलांत पळस, कुसुम, बोर यांच्या फांद्यांवर लाखेचे किडे पोसले जात. आदिवासी कुटुंबे ती लाख खरवडून बाजारात आणीत आणि ती शुद्ध होऊन कलकत्त्याच्या बंदरातून साऱ्या जगात जाई. म्हणजे एखाद्या ठुमरीची तबकडी लंडनमध्ये तयार झाली असली, तरी तिच्यात मूठभर झारखंड असेच.

तबकडी कशी तयार होई, हे थोडक्यात पाहू. गायकाच्या आवाजाने थरथरणारी सुई मेणाच्या चकतीवर नागमोडी रेघ कोरीत जाई. त्या मेणावर शिशाच्या पेन्सिलीतील भुकटीसारख्या पदार्थाचा हात फिरवून, विजेच्या साहाय्याने तांब्याचा पातळ थर चढवीत. हा थर सोडवला, की आवाजाचा उलटा ठसा मिळे. त्यापासून सुलटी प्रत काढीत. कारखान्यात तिला 'माता' म्हणत. मातेपासून पुन्हा उलटे ठसे काढावयाचे आणि ते दाबयंत्रात बसवावयाचे. दुसरीकडे लाख, दगडाची वस्त्रगाळ भुकटी, काजळी आणि कापसाचे तंतू यांचे मिश्रण तापवून कणकेसारखे मऊ केलेले असे. कामगार यंत्राच्या वरच्या व खालच्या ठशावर कागदी चकत्या ठेवी, मधे त्या काळ्या कणकेचा गोळा ठेवी आणि यंत्र मिटवी. वाफेने तापलेले ठसे गोळ्यावर दाबले जात, मग थंड पाणी खेळवून तबकडी घट्ट होई. कडा घासल्या, की झाली तबकडी तयार.

या साऱ्या खटाटोपातील एका बारकाव्याकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. गाणाराचे नाव छापलेली ती कागदी चकती मागाहून डिंकाने चिकटवलेली नसते. आवाज उमटवणारा जो दाब, त्याच दाबाने नावही तबकडीत रुतते. म्हणूनच पन्नास-साठ वर्षे पावसापाण्यात राहिलेल्या तबकडीवरील कागद विटतो, पण सुटत नाही. नाव आणि आवाज यांची ही एकजीव जोडणी दमदमच्या ज्या हातांनी केली, त्या हातांचे नाव मात्र कोणत्याही तबकडीवर नाही. लाख कमी-अधिक तापली, तर तान फाटावी. ठसा केसभर सरकला, तर सूर डगमगावा. अब्दुल करीम खाँ असोत, बालगंधर्व असोत वा कुंदनलाल सैगल, तबकड्यांच्या युगातील आपल्या साऱ्या थोर गळ्यांना अखेर अशाच कोणा अनाम कामगाराच्या कौशल्यावर विसंबून राहावे लागे.

बैठकीतून राष्ट्रपतींच्या समोर

स्वातंत्र्य मिळाले आणि संस्थाने विलीन झाली. राजेरजवाड्यांच्या आश्रयावर जगणाऱ्या गवयांपुढे उद्याचा प्रश्न उभा राहिला. दरबार संपले, आता गुणाची कदर कोण करणार? या प्रश्नाला नव्या सरकारने दिलेल्या उत्तरांपैकी एक म्हणजे संगीत नाटक अकादमी. २८ जानेवारी १९५३ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. १९५२ सालच्या राष्ट्रीय सन्मानाचे मानकरी पाहिले, तर निवड करणारांची दृष्टी किती व्यापक होती, हे कळते. मैहरचे सरोदिये उस्ताद अल्लाउद्दीन खाँ, रामपूरचे गायक उस्ताद मुश्ताक हुसेन खाँ, कर्नाटक संगीतातील अरियाकुडी रामानुज अय्यंगार आणि वीणावादक कारैकुडी सांबशिव अय्यर. उत्तर आणि दक्षिण, कंठ आणि वाद्य, हिंदू आणि मुसलमान असे चौघे एका पंक्तीत बसले. त्यांतील अल्लाउद्दीन खाँ तर पूर्व बंगालच्या खेड्यातून, कोवळ्या वयात, गाण्याच्या वेडापायी घर सोडून कलकत्त्यास पळून आलेले.

पुढच्याच वर्षी, म्हणजे १९५३ साली, हिंदुस्थानी कंठसंगीताचा हा सन्मान एका मराठी मुलखातील स्त्रीला मिळाला. त्या केसरबाई केरकर. गोव्यातील फोंडा महालाच्या केरी या गावी १३ जुलै १८९२ रोजी त्यांचा जन्म झाला. गोव्याच्या कलावंत समाजातील मुलीला गाणे शिकणे सोपे होते, असे वरवर वाटते. खरी गोष्ट अशी, की तिला गाणे शिकवावयास सारे राजी असत आणि तिला मान द्यावयास कोणीच राजी नसे. लहानपणी कोल्हापुरास अब्दुल करीम खाँ, मग वझेबुवा, भास्करबुवा बखले, बरकतुल्ला खाँ असे गुरू करीत करीत अखेर १९२१ साली त्यांनी अल्लादिया खाँसाहेबांचा गंडा बांधला आणि १९४६ साली खाँसाहेब निवर्तेपर्यंत ही तालीम चालू राहिली. पंचवीस वर्षांची तालीम! आजच्या पदवीच्या तीन वर्षांशी हा हिशेब ताडून पाहावा.

या गायिकेला प्रथम मनापासून मान दिला तो बंगालने, हे सांगताना आम्हांस आनंद होतो. रवींद्रनाथ ठाकुरांनी त्यांच्या गाण्याची मुक्तकंठाने प्रशंसा केली आणि १९४८ साली कलकत्त्याच्या रसिकांनी त्यांना 'सूरश्री' ही पदवी अर्पण केली. तीच पदवी पुढे त्यांच्या नावाचा भाग बनली. १९६९ साली त्या पद्मभूषण झाल्या. गंमत अशी, की तबकडीच्या बाबतीत केसरबाई अत्यंत चिकट होत्या. आपल्या ताना कोणी चोरील, ही भीती आणि तीन मिनिटांत राग कोंबण्याविषयीचा तिटकारा यांमुळे त्यांनी फार थोड्या तबकड्या दिल्या. जे यंत्र गौहरजानने आपल्या नावासाठी वापरले, तेच यंत्र केसरबाईंनी आपल्या विद्येसाठी दूर ठेवले. दोघींचाही आग्रह एकच: माझे गाणे माझेच राहिले पाहिजे.

त्यानंतर हा दरवाजा बंद झाला नाही. हिराबाई बडोदेकर १९६५ साली, मोगूबाई कुर्डीकर १९६८ साली, बेगम अख्तर १९७२ साली, गंगूबाई हनगल १९७३ साली आणि मोगूबाईंच्या कन्या किशोरी आमोणकर १९८५ साली अकादमीच्या मानकरी ठरल्या. आई आणि मुलगी दोघींनाही एकाच सन्मानाचा लाभ व्हावा, हे भाग्य किती घराण्यांना लाभते? या याद्या कोरड्या वाटतात खऱ्या. परंतु ज्यांच्या आजीला देवळाच्या सभामंडपापलीकडे किंवा सरदाराच्या माडीपलीकडे स्थान नव्हते, अशा स्त्रिया प्रजासत्ताकाच्या राष्ट्रपतींसमोर ताठ मानेने उभ्या राहिल्या, हे चित्र डोळ्यांपुढे आणावे. म्हणजे त्या याद्यांतील प्रत्येक नावाचे वजन कळेल.

'कामिनी' कोण?

अभिजात संगीताची ही कथा झाली. चित्रपटसंगीतात नावाचा प्रश्न निराळ्याच रूपाने उभा राहिला. १९४९ साली 'महल' चित्रपट पडद्यावर आला. त्यातील गूढ स्वराच्या एका गाण्याने सारा देश झपाटला गेला. लोक तबकडी विकत घेण्यास धावले. तिच्यावर गायिकेचे नाव होते 'कामिनी'. कामिनी हे चित्रपटातील पात्राचे नाव. ज्या वीस वर्षांच्या मराठी मुलीने ते गाणे गायिले, तिचे नाव लता मंगेशकर. लोकांनी नभोवाणीकडे चौकशी सुरू केली आणि त्या आग्रहामुळे खरे नाव पुढे आले. पार्श्वगायकाने पडद्यामागे राहावे, नट-नटीच्या ओठांना आपला आवाज उसना द्यावा आणि नाव मागू नये, असा तो जमाना होता.

लताबाईंनी हा जमाना निमूटपणे मान्य केला नाही. फिल्मफेअरच्या पारितोषिकांत त्या काळी संगीतकाराचा गौरव होई, गायकासाठी मात्र पारितोषिकच नव्हते. 'चोरी चोरी'च्या संगीतासाठी शंकर-जयकिशन यांस पारितोषिक जाहीर झाले, तेव्हा समारंभात गाण्याविषयी लताबाईंना विचारण्यात आले. त्यांनी नकार दिला. पारितोषिक संगीतकाराला आहे, तर संगीत वाजवून दाखवा. गायकाला जागा नसेल, तर गायकाचा आवाज कशाला? असा त्यांचा बिनतोड सवाल होता. अखेर १९५९ साली पार्श्वगायनाचे पारितोषिक सुरू झाले आणि 'मधुमती'तील गीतासाठी ते पहिल्यांदा त्यांनाच मिळाले. राष्ट्रीय चित्रपट पारितोषिकांत पार्श्वगायनाचा विभाग आला तो १९६७ सालच्या चित्रपटांसाठी. पहिले मानकरी 'उपकार'साठी महेंद्र कपूर. पुढच्या वर्षी गायिकांतील पहिल्या मानकरी पी. सुशीला. मागाहून लताबाईंना हा सन्मान 'परिचय', 'कोरा कागज' आणि 'लेकिन' या चित्रपटांसाठी तीनदा लाभला. आशाबाईंना तो 'उमराव जान' आणि 'इजाजत' यांसाठी मिळाला.

पारितोषिक म्हणजे केवळ कौतुकाची थाप नव्हे, हे या हकीकतीवरून ध्यानी येईल. एखाद्या कामासाठी पारितोषिक असणे, याचा अर्थ त्या कामाला नाव असणे. आणि ज्या कामाला नाव नाही, त्याचा मोबदला मागावयाचा तरी कशाच्या जोरावर? भाषांतराच्या व्यवसायात दिवस काढणाऱ्या प्रस्तुत लेखकास हे निराळे सांगावयास नको. त्या व्यवसायातही करणाराचे नाव बहुधा बारीक टाइपातच असते.

साथीदाराचा दिवस

अमेरिकेत १९५९ साली ध्वनिमुद्रण-व्यवसायातील मंडळींनी आपल्या पारितोषिकांचा पहिला समारंभ केला. पारितोषिक म्हणून छोटासा सोनेरी ग्रामोफोन द्यावयाचा ठरले आणि त्यावरूनच त्याला 'ग्रॅमी' हे नाव पडले. हा सोनेरी कर्णा हिंदुस्थानी कलावंताच्या हाती प्रथम आला तो १९६८ साली, पंडित रविशंकर आणि व्हायोलिनवादक यहुदी मेन्युहिन यांच्या एकत्र वादनाच्या तबकडीसाठी. अल्लाउद्दीन खाँसाहेबांच्या या शिष्याने गुरूच्या मागे सोळा वर्षांनी जगाच्या दरबारी मान मिळवला.

पंडितजींच्या सतारीला ज्यांच्या तबल्याची साथ जगभर गाजली, ते उस्ताद अल्लारखा. एके काळी साथीदाराचे नाव कार्यक्रमपत्रिकेत आले तर आले. मैफलीत त्याने मागे बसावे आणि बिदागीही मागेच घ्यावी, अशी रीत होती. अल्लारखांनी आणि त्यांच्या पिढीतील थोर तबलियांनी ही रीत मोडीत काढली. मुंबईच्या माहीममध्ये वाढलेले त्यांचे चिरंजीव उस्ताद झाकीर हुसेन यांनी ४ फेब्रुवारी २०२४ रोजी लॉस एंजलिस येथील समारंभात एकाच रात्री तीन ग्रॅमी पारितोषिके मिळवली. त्यांच्यासोबत 'शक्ती' या वाद्यवृंदातील मुंबईचे गायक शंकर महादेवन आणि निराळ्या एका तबकडीसाठी बासरीवादक राकेश चौरसिया हेही मानकरी ठरले. ज्या वाद्याच्या वादकाचे नाव जुन्या तबकडीवर छापावयासही कोणास सुचत नसे, त्या वाद्याने त्या रात्री जगाचे सभागृह जिंकले. त्याच वर्षी १५ डिसेंबर रोजी उस्तादजींचे निधन झाले. घरातील वडील माणूस गेल्याप्रमाणे माहीमपासून कलकत्त्यापर्यंत अनेक घरांत त्या दिवशी शोक झाला.

दूर गेलेली एक तबकडी

आता या हकीकतीचा शेवटचा आणि सर्वांत दूरचा टप्पा. १९७७ साली अमेरिकेने 'व्हॉयेजर' नावाची दोन याने अवकाशात धाडली. ग्रहांच्या भेटी संपल्यावर ती सूर्यमालेबाहेर निघून जाणार होती. कोणी सांगावे, अनंत काळानंतर ती कोणा परक्या बुद्धिमान जीवांच्या हाती लागतील, या कल्पनेने त्यांवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एकेक तबकडी बसवण्यात आली. कार्ल सेगन या शास्त्रज्ञाच्या समितीने साऱ्या पृथ्वीवरील संगीतातून निवडक तुकडे घेतले. बाख आला, बीथोव्हेन आला; आणि भारतातर्फे आला तो भैरवी रागातील साडेतीन मिनिटांचा एक स्वर. गायिका: सूरश्री केसरबाई केरकर. तबकड्या देण्यास नाखूश असणाऱ्या त्या मानी स्त्रीची तबकडी पृथ्वी सोडून गेली!

दुसरे यान ५ सप्टेंबर १९७७ रोजी सुटले. त्यानंतर अवघ्या अकरा दिवसांनी, १६ सप्टेंबरला, केसरबाईंनी मुंबईत देह ठेवला. २०१२ साली एका यानाने आणि २०१८ साली दुसऱ्याने सूर्याच्या प्रभावाची कक्षा ओलांडली. मनुष्याच्या हातची कोणतीही वस्तू त्यांपैकी पहिल्या यानाइतकी दूर गेलेली नाही. त्या सोनेरी तबकडीच्या मध्यावरील कोऱ्या जागेत हाताने एक लहानशी अर्पणपत्रिका कोरलेली आहे. सर्व जगांतील आणि सर्व काळांतील संगीत घडवणाऱ्यांना ती अर्पण केली आहे. तीत कोणा एकाचे नाव नाही. म्हणूनच तीत सर्वांची नावे आहेत. गाणाराचे आहे, साथीदाराचे आहे, लाख खरवडणाऱ्या आदिवासी बाईचे आहे आणि दमदमच्या दाबयंत्राजवळ घाम गाळणाऱ्या कामगाराचेही आहे, असेच आम्ही समजतो.

दमदमच्या लाखेच्या तबकड्यांचे दिवस आता सरले आहेत. प्रथम लवचीक मोठ्या तबकड्या आल्या, मग फिती, मग चकचकीत चकत्या आणि आता तर गाणे हवेतूनच हातातील यंत्रात उतरते. ग्रामोफोन कंपनीनेही २००० साली 'सारेगामा' हे नाव धारण केले. सोय फार झाली, यात शंका नाही. पण या सोयीत तो मधला वर्तुळाकार कागद हरवला आहे. गाणे कानी पडते. ते कोणी लिहिले, कोणी बांधले, व्हायोलिन कोणाचे, ढोलकी कोणाची, हे पाहण्याची तसदी आपण घेत नाही. गौहरजानने ओरडून सांगितलेले आणि लताबाईंनी भांडून मिळवलेले नाव आपल्याच आळसापायी पुन्हा पुसले जाऊ नये, एवढीच आमची विनंती आहे.

तेव्हा वाचकहो, येत्या सुट्टीच्या दिवशी माळ्यावरची ती चळत खाली काढा. मऊ फडक्याने धूळ पुसा. पाण्याचा हात मात्र मधल्या कागदास लागू देऊ नका. मुलांना जवळ बसवून प्रत्येक तबकडीवरचे नाव त्यांच्याकडून मोठ्याने वाचून घ्या आणि एका वहीत लिहून ठेवा. घरात आजी असेल, तर पेटीवर कोण होते, तबल्यावर कोण होते, हे तिला विचारा. तिला आठवले, तर तेही नाव त्या वहीत लिहा. राष्ट्रपतींच्या हस्ते होणारा गौरव वर्षातून एकदाच होतो आणि तोही मोजक्यांचा. हा दुसरा गौरव आपल्या घरी, आपल्या मुलांच्या अक्षरात, केव्हाही करता येण्याजोगा आहे.